रसेलने अडवलेला गोल

रसेल एंटविसल मला आठवतो तो बहुतेक वेळा पाठमोराच. मी गोलकीपर आणि तो माझ्या पुढ्यातला सेंटर हाफ, म्हणजे बचावफळीतला मधला गडी. सहा हंगाम मी त्याच्या मानेवरचे टाके आणि एका बाजूला झुकलेला डावा खांदा बघत उभा राहिलो. शेवटच्या दोन हंगामांत त्यात आणखी एक भर पडली. खेळ जरा थांबला की तो वाकून उजवा गुडघा हाताने दाबून बघायचा. घरातून निघताना माणूस कुलूप ओढून बघतो ना, तसा.

आमचा क्लब कॅल्डरविक टाउन. चौथी डिव्हिजन. तिच्या खाली लीग संपते आणि जे सुरू होतं तिथे पोस्टमन आणि प्लंबर शनिवारचे खेळतात. आम्ही वर जाण्याइतके चांगले कधीच नव्हतो आणि खाली घसरण्याइतके वाईटही नव्हतो. आठवडाभर पावसात सराव करायचा, शुक्रवारी बसमध्ये बसायचं, अर्धा देश ओलांडून एक्झिटरला जायचं, दोन-शून्य हरायचं आणि गार झालेले तळलेले मासे खात, पत्ते कुटत परत यायचं. लोकांना वाटतं फुटबॉलपटू म्हणजे गाड्या आणि बंगले. आमच्या ड्रेसिंग रूममधल्या शॉवरला गरम पाणी यायचं ते पहिल्या चार जणांपुरतं.

रसेल मूळचा सॉल्टगार्थचा. समुद्रकाठचं गाव. एकेकाळी तिथे जहाजं बांधायचे, आता फक्त त्याच्या गोष्टी सांगतात. त्याचा बाप वॉल्टर जन्मभर गोदीत वेल्डर होता आणि जन्मभर सॉल्टगार्थ रोव्हर्सचा भक्त. मैदानाच्या गॅसवर्क्सकडच्या, म्हणजे गॅसच्या कारखान्याकडच्या बाजूला, गोलच्या मागे, तो ठरलेल्या कठड्याला टेकून उभा राहायचा. रसेल सोळाव्या वर्षी रोव्हर्समध्ये शिकाऊ म्हणून लागला तेव्हा वॉल्टरने सगळ्या गल्लीला बिअर पाजली होती. तीन वर्षांनी मॅनेजरने रसेलला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "पोरा, तू शूर आहेस, पण हळू आहेस. दुसरीकडे बघ काहीतरी." रसेल घरी येऊन स्वयंपाकघरात रडला. वॉल्टर म्हणाला, "हळू तर तू आहेसच." आणि शनिवारी नेहमीसारखा रोव्हर्सची मॅच बघायला गेला.

त्यानंतर रसेलने कितीतरी क्लब केले. कुठे दोन वर्षं, कुठे दीड. एका क्लबात तर तो फक्त हिवाळा काढून आला. दर वेळी त्याची बायको लिंडसी सामान बांधायची, नव्या गावात भाड्याचं घर शोधायची. "आमचे पडदे अजून कुठल्याच खिडकीला नीट बसले नाहीत," असं ती म्हणायची. हसून म्हणायची, पण म्हणायची नेहमी. कॅल्डरविकला तो आला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. तिथे मात्र तो टिकला. त्याच्यात फार काही नव्हतं. पळायला हळू, डाव्या पायाने चेंडू मारला तर तो कुठे जाईल हे देवालाच ठाऊक. पण उंचावरून चेंडू आला की तो डोकं घालायचा, मग समोर बूट असो नाहीतर खांब. त्याचं नाक मोडता मोडता शेवटी कुठल्याच बाजूचं राहिलं नव्हतं.

माझं आडनाव पिकल्स. त्यामुळे मला क्लबात सगळे लोणच्या म्हणायचे. रसेल एकटाच बरीच वर्षं मला ग्रॅहम म्हणत होता. एकदा माझ्या हातून चेंडू निसटून साधासुधा गोल झाला, तेव्हापासून तोही लोणच्या म्हणायला लागला.

मी सांगतोय तो हंगाम त्याचा अठरावा. गुडघ्यात आता काही उरलं नव्हतं. दर शनिवारी सकाळी फिजिओ त्यात सुई घालायचा, आणि रसेल छताकडे बघत कालच्या पावसाबद्दल बोलत राहायचा. रविवारी त्याला जिना उलटा उतरावा लागतो, असं लिंडसीनेच मला सांगितलं होतं.

आणि हंगामाची शेवटची मॅच आली सॉल्टगार्थला.

आम्ही मधेच कुठेतरी, अकराव्या की बाराव्या जागेवर. आमच्या दृष्टीने मॅचला काही अर्थ नव्हता. सॉल्टगार्थ तळाला होते. जिंकले तर वाचणार होते. बरोबरी झाली तरी लीगच्या बाहेर, आणि बाहेर गेलेला क्लब परत येईलच असं नसतं. रसेलच्या आजोबांच्या वेळेपासून ते लीगमध्ये होते.

सरावानंतर आमच्या मॅनेजरने, डगडेलने, रसेलला बाजूला घेतलं. मी बूट सोडत तिथेच बसलो होतो. मॅनेजरला सगळ्याच क्लबात गॅफर म्हणतात, आम्हीही म्हणायचो.

"गुडघा कसाय?"

"आहे."

"आहे म्हणजे?"

"म्हणजे अजून पायाला लागूनच आहे, गॅफर."

डगडेल हसला नाही. "हे बघ रस, शनिवारी बस तू. गुडघा दुखतोय म्हणून सांगू. कोणी ब्र काढणार नाही. तुझं गाव आहे, तुझा बाप तिथे असणार. कशाला उगाच?"

रसेल बराच वेळ मोजा गुंडाळत बसला. मग म्हणाला, "मला एक सांगा. पुढच्या वर्षी ठेवणार आहात मला?"

डगडेलने खिडकीबाहेर बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खोटं बोलायला जमायचं नाही एवढंच.

"मग शनिवारी मी खेळतो," रसेल म्हणाला. "शेवटची मॅच बाकावर बसून नाही बघायची मला."

शनिवारी बसमध्ये आमची पोरं सुट्टीवर निघाल्यासारखी होती. डेक्लन नावाचा आमचा विंगर, मैदानाच्या कडेने पळणारा गडी, त्याच्या जिभेला हाड नव्हतं, तो मागून ओरडला, "रस, तुझ्या म्हाताऱ्याला सांग, आम्ही फक्त वाळूत किल्ले करायला आलोय. गोल काय, हवे तेवढे घेऊन जा म्हणावं!"

सगळे हसले. रसेलने मान वळवली नाही. "डेक," तो म्हणाला, "तू आज पळाला नाहीस ना, तर मी तुझाच पाय मोडीन."

डेक्लन पत्ते पिसायला लागला.

सॉल्टगार्थचं मैदान इतकं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कौलांवर पोरं, गॅसवर्क्सच्या भिंतीवर माणसं. रसेलचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या पडल्या. गावचा होता ना. त्या टाळ्यांमध्ये एक विनंती होती, ती आम्हा सगळ्यांना ऐकू आली.

मॅच कशी झाली ते फार सांगण्यासारखं नाही. ते घाबरून खेळत होते, आम्ही कंटाळून. चेंडू बहुतेक वेळ हवेतच होता आणि हवेतला प्रत्येक चेंडू रसेलचा होता. दुसऱ्या सत्रात मी गॅसवर्क्सकडच्या गोलात होतो. माझ्या मागे एक माणूस सतत पुटपुटत होता, "एकच रे, एकच द्या." वॉल्टर त्याच्या ठरलेल्या कठड्याला होता. एवढ्या उन्हात गळ्यात रोव्हर्सच्या रंगांचा लोकरीचा मफलर.

शून्य-शून्य. अगदी शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. त्यांचा गोलकीपरसुद्धा पुढे आला. चेंडू आत आला, कोणाच्या तरी डोक्याला लागला आणि माझ्या डाव्या हाताला निघाला. मी उडी मारली. माझ्या बोटांना नुसती हवा लागली. मी जमिनीवर पडत असतानाच मागे आरडाओरडा सुरू झाला. गोल झाला की जो होतो तोच. मग तो आवाज मधेच तुटला.

मी वळून बघितलं. रसेल गोलरेषेवर पसरला होता. उजवा पाय खाली दुमडलेला, डावा हवेत. चेंडू त्याच्या डाव्या बुटाला लागून वरच्या दांडीवर आपटला होता आणि बाहेर गेला होता. त्याचा तो डावा पाय! सरावात त्या पायाने त्याला साधा पास देता यायचा नाही.

मी सवयीने त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि लगेच हात काढून घेतला.

रेफरीने थोड्याच वेळात शिट्टी वाजवली. लोक मैदानात आले, पण कोणाच्या अंगावर धावून नाही आले. आले आणि गवतावर बसले. मोठमोठी माणसं, हातात टोप्या घेऊन. एक जण जाता जाता रसेलच्या शर्टावर थुंकला, तेही काही फार जोर लावून नाही. रसेल लंगडत गॅसवर्क्सच्या कठड्याकडे गेला.

"बाबा," तो म्हणाला.

वॉल्टरने मफलर काढला, घडी घातली, कोटाच्या खिशात कोंबला. मुलाच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि गर्दीबरोबर निघून गेला.

परतीच्या बसमध्ये मी रसेलच्या शेजारी बसलो. त्याने गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरली होती. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "रस, तुला सोडता आला असता का रे तो?"

"मला कळलंच नाही, लोणच्या. चेंडू दिसला, पाय गेला. मग वर बघितलं तर बाबा दिसले." बर्फाची पिशवी सरकवत तो म्हणाला, "मला दोष द्यायचा तर मला तेवढा विचार करायला वेळ तरी मिळायला हवा होता."

पुढच्या आठवड्यात डगडेलने त्याला मोकळं केलं. हात हातात घेतला, चार चांगले शब्द बोलला. रसेलने बुटांच्या दोन जोड्या पिशवीत टाकल्या आणि फिजिओशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारून घरी गेला.

त्यांनी खरं तर कॅल्डरविकलाच राहायचं ठरवलं होतं. पण त्याच उन्हाळ्यात लिंडसीच्या आईचं एक अंग लुळं पडलं, आणि ती म्हातारी सॉल्टगार्थला एकटी. जाण्यावाचून इलाज नव्हता. लिंडसीच्या भावाचं गालिच्यांचं दुकान होतं. रसेल लोकांच्या घरी गालिचे बसवायला जाऊ लागला. ते काम दिवसभर गुडघ्यावर बसून करायचं असतं.

मी अधूनमधून फोन करायचो.

"कसं चाललंय?"

"गालिचे बरे असतात. शिव्या देत नाहीत."

"आणि माणसं?"

"खाटीक मला सगळ्यांच्या शेवटी मटण देतो. मी नंबर लावायचं सोडलंय, सरळ बंद व्हायच्या वेळेलाच जातो." मग तो सांगायचा, की एका घरी अर्धा गालिचा बसवून झाल्यावर त्या बाईच्या नवऱ्याने त्याला ओळखलं आणि म्हणाला, उरलेला मी बसवीन.

"आणि तुझे बाबा?"

"लिंडसीशी बोलतात. ख्यालीखुशाली विचारतात सासूबाईंची. मी खोलीत आलो की टोपी शोधायला लागतात."

सप्टेंबरमध्ये रोव्हर्सच्या नव्या मॅनेजरचा त्याला फोन आला. एम्लिन नावाचा वेल्श माणूस. लीगच्या बाहेर पडल्यावर चांगले खेळाडू निघून गेले होते, उरलेल्यांत एकालाही डोक्याने चेंडू परतवता येत नव्हता. त्याने सरळ विचारलं, येतोस का. रसेलने लिंडसीला सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

"कोणाच्या क्लबात? यांच्या?" ती म्हणाली. "अरे, हे लोक तुझ्या तोंडावर दार आपटतात!"

"माहीत आहे."

"तुला जिना उतरता येत नाही, रस."

"मैदानात जिना नसतो."

"हसू नकोस. खरं सांग, कोणासाठी जातोयस? बाबांसाठी?"

तो म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही, लिन. गालिचेही वाकडे बसतात माझे." तिने ओला टॉवेल त्याच्या अंगावर फेकला आणि आत गेली. त्याने तो दोरीवर घातला आणि एम्लिनला हो म्हणून कळवलं.

पहिल्या मॅचला चेंडू त्याच्या पायाशी आला की आख्खं मैदान हुर्यो करायचं. स्वतःच्याच खेळाडूची! मैदानही आता निम्म्याहून अधिक रिकामंच असायचं, त्यामुळे एकेक शिवी वेगळी ऐकू यायची. तो खेळत राहिला. नोव्हेंबरपर्यंत ती हुर्यो विरळ झाली. त्याला माफ केलं असं नव्हे. लोक कंटाळले. थंडी होती, संघ हरत होता, आणि रसेल मात्र दर शनिवारी चिखलात डोकं घालून उठत होता. अशा माणसाचा राग किती दिवस करणार?

जानेवारीत माझं बोट मोडलं आणि मला एक शनिवार मोकळा मिळाला. मी त्यांची एक बाहेरगावची मॅच बघायला गेलो. मैदान म्हणजे काय, एका बाजूला लाकडी शेड, दुसऱ्या बाजूला कुंपण आणि कुंपणापलीकडे गाई. पाहुण्यांच्या बाजूला मोजकी माणसं. त्यांत वॉल्टर होता. मी जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो.

"तू तो गोलकीपर ना?" तो म्हणाला.

"हो."

"तू लवकर उडी मारलीस. म्हणून हुकला तो तुझा."

"असेल."

"असेल काय, मी तुझ्या मागेच होतो." त्याने थर्मासमधला चहा मला दिला. रसेल समोरच होता. हेड करून खाली आला की तोंड वाकडं करायचा, ते इतक्या लांबूनही दिसत होतं.

मी शेवटी विचारलंच. "मिस्टर एंटविसल, तुम्ही याच्याशी बोलत का नाही?"

म्हातारा खवळला नाही. "बोलू काय?" तो म्हणाला. "त्या दिवसानंतर मी पबात गेलो. तिथे एक जण म्हणाला, तुझ्या पोराने सोडायला पाहिजे होता तो. मी म्हटलं, का सोडायचा? असा सोडणारा पोरगा मी वाढवला नाही. हमरीतुमरी झाली. मी त्याच्या नाकावर ठोसा दिला. या वयात! आता मला त्या पबात येऊ देत नाहीत."

"मग हे त्याला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? घरी येऊन मी बसलो आणि मलाच वाटायला लागलं की, च्यायला, सोडायला पाहिजे होता त्याने." त्याने नाक पुसलं. "दोन्ही खरं आहे रे. एक तोंडावर आलं की दुसरं घशाशी येतं. मग मी टोपी शोधतो."

मी चहा संपवून पेला त्याला परत दिला.

दुसऱ्या सत्रात रसेल एका उंच चेंडूसाठी मागे पळत होता. त्याच्या अंगाला कोणी हातसुद्धा लावला नाही. पाय चिखलात रुतला, अंग फिरलं, गुडघा फिरला नाही. तो ओरडला तो आवाज गाईंनीही ऐकला असावा, त्या कुंपणापासून दूर पळाल्या.

वॉल्टरने थर्मास माझ्या हातात दिला आणि दोरीखालून वाकून मैदानात शिरला. त्याचं वाकणंसुद्धा किती हळू होतं. रेफरी त्याच्याकडे धावला. "आजोबा, बाहेर व्हा, बाहेर व्हा!"

"माझा मुलगा आहे तो," वॉल्टर म्हणाला. रेफरी बाजूला झाला.

तो रसेलच्या डोक्याशी चिखलात बसला. मीही पाठोपाठ गेलो होतो. रसेलने डोळे उघडले, बापाला बघितलं.

"गेला, बाबा. या वेळी पूर्ण गेला."

"दिसतंय मला. हलू नकोस."

"तुम्ही कशाला आलात आत? कपडे बघा."

"गप्प पड, गाढवा," वॉल्टर म्हणाला आणि आपल्या गळ्यातला मफलर काढून त्याच्या मानेखाली सरकवला.

अॅम्ब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले. मग आम्ही चौघांनी त्याला दाराएवढ्या एका फळीवर घेतलं आणि वॉल्टरच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर आडवा ठेवला. मी पुढे बसलो. वॉल्टर गाडी इतकी सावकाश चालवत होता की मागून हॉर्न वाजत होते.

मैदान मागे पडलं. मग वॉल्टर आरशात बघत म्हणाला, "तो नऊ नंबरवाला तुझ्या मागून पळत होता. तू पुढे बघत होतास."

"हो, माहीत आहे."

"मागे बघायचं असतं."

"हो, बाबा."

"लहानपणापासून सांगतोय."

रसेल हसायला गेला आणि कळवळला. मग हॉस्पिटल येईपर्यंत वॉल्टर एकटाच बोलत होता. रेफरीबद्दल, मैदानाबद्दल, एम्लिनला फुटबॉलमधलं काही कळत नाही याबद्दल. आठ महिन्यांचं साचलेलं सगळं बोलणं त्याने त्या नऊ नंबरवाल्यावर खर्च केलं. त्या मे महिन्यातल्या चेंडूचं नाव त्याने काढलं नाही. रसेलनेही काढलं नाही. डोळे मिटून तो "हो, बाबा" म्हणत राहिला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की चालता येईल, पळायचं विसरा. रसेलला वाईट वाटलं का, असं मी लिंडसीला विचारलं. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी दिवसभर झोपला. इतका शांत झोपलेला मी त्याला लग्नानंतर पाहिला नव्हता."

आता तो दुकानात गल्ल्यावर बसतो, गालिचे दुसरे लोक बसवतात. खाटीक त्याला नंबराप्रमाणे मटण देतो. रोव्हर्स अजून लीगच्या बाहेरच आहेत आणि परत येतील असं कोणाला वाटत नाही. शनिवारी रसेल आणि वॉल्टर दोघं मॅचला जातात, रसेल काठी घेऊन, वॉल्टर मला काठी नको म्हणत. दुसऱ्या सत्रात समुद्रावरून वारा सुटतो, म्हाताऱ्याला थंडी वाजते, रसेलचा पाय भरून येतो. मग बहुतेक वेळा ते शेवटची शिट्टी व्हायच्या आधीच घरी निघतात.